अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना बाळाच्या बोलण्यावर काम करायला कसं शिकवायचं: तयारीपासून गृहभेटीपर्यंत

अंगणवाडीत मूल रोज बसायला लागतं ते तीन वर्षांचं झाल्यावर, आणि भाषेचा पाया तोपर्यंत घरातच पडून गेलेला असतो, पाळण्यापाशी, चुलीपाशी, आजीच्या मांडीवर. म्हणून मुलांच्या बोलण्यावर खरंच काम करायचं असेल तर त्या घरात कोण जातं हे आधी बघायला हवं. आपल्याकडे जातात त्या अंगणवाडी सेविका, आशाताई आणि काही भागांत संस्थांच्या गावातल्याच कार्यकर्त्या. हा लेख त्यांना ट्रेनिंग देणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे मुख्यसेविका (अंगणवाडी सेविकांच्या सुपरवायझर), गटप्रवर्तक (आशाताईंच्या सुपरवायझर), संस्थेतले ट्रेनर, किंवा पीएचसीतले, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर ज्यांच्यावर अचानक "ताईंना दोन दिवस काहीतरी शिकवा" असं येऊन पडतं.

एक गोष्ट पहिल्यांदाच पक्की करून घ्या, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. ताई एका घरात महिन्यातून फार तर अर्धा-पाऊण तास असते. त्यामुळे ताई बाळाशी किती छान बोलते याने फारसा फरक पडत नाही, ती निघून गेल्यावर आई, आजी, बाप, मोठी बहीण बाळाशी बोलतात का आणि कसं बोलतात, याने पडतो. ट्रेनिंगमधला प्रत्येक तास या एका कसोटीवर घासून बघा. बडबडगीतं पाठ करून घेणं, तक्ते रंगवणं, मेंदूच्या पेशींची चित्रं दाखवणं यात दोन दिवस सहज निघून जातात आणि घरात काहीच बदलत नाही.

हे होऊ शकतं याचा सगळ्यात भक्कम पुरावा जमैकातला आहे. किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये १९८६-८७ मध्ये संशोधक सॅली ग्रॅंथम-मॅकग्रेगर यांच्या टीमने ९ ते २४ महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ मुलं घेतली. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्त्या दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जायच्या, घरी बनवलेली खेळणी घेऊन, आणि आईला बाळाबरोबर खेळायला, बोलायला शिकवायच्या. ती मुलं बाविशीत आली तेव्हा त्यांची कमाई, ज्यांच्या घरी हे खेळणं-बोलणं शिकवलं गेलं नव्हतं त्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. या कार्यकर्त्या काही स्पीच थेरपिस्ट नव्हत्या, आपल्या ताईंसारख्याच वस्तीतल्या बायका होत्या. फक्त त्यांना नीट शिकवलं होतं आणि त्यांच्या पाठीशी कुणीतरी कायम होतं, आणि मला वाटतं आपल्याकडे हा दुसरा भागच सगळ्यात जास्त राहून जातो.

आणि घरापर्यंत जायचा विचार आपल्याला बाहेरून आणायची गरजही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, आणि वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. साधनं काय, तर शंख-शिंपले, बिया, पानं, दगड. ट्रेनिंगच्या पहिल्या तासात ताईंना हे जरूर सांगा. आपण करतोय ते काम वरून आलेल्या जीआरने सुरू झालेलं नाही, याच मातीतल्या दोन बायकांनी उभं केलंय, हे कळलं की खोलीतला मूड बदलतो.

पहिली पायरी: ट्रेनिंगच्या आधी गावात जा

हॉल बुक करायच्या आधी एखाद-दोन ताईंबरोबर त्यांच्या रोजच्या गृहभेटीला जा आणि गप्प बसून बघा. टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा पोषण आहार देताना, लसीकरणाचा निरोप देताना ती घरात किती वेळ थांबते, कुणाशी बोलते, बाळाकडे बघते का. आईचं आणि ताईचं नातं कसं आहे, ताई जाऊबाईसारखी आत जाऊन बसते की दारातूनच रजिस्टरवर सही घेते. हे बघितल्याशिवाय तयार केलेलं ट्रेनिंग हवेत राहतं.

मग त्या बीटमध्ये, म्हणजे एका मुख्यसेविकेकडच्या अंगणवाड्यांच्या भागात, घराघरांत कुठली भाषा बोलतात ते लिहून काढा. मेळघाटात कोरकू असेल, नंदुरबारला भिली किंवा पावरी, गडचिरोलीत गोंडी, माडिया, तांड्यावर गोरमाटी, मुंबईतल्या वस्तीत भोजपुरी नाहीतर उर्दू. कोरकू आणि माडिया तर मराठीच्या कुटुंबातल्या भाषाच नाहीत, त्यामुळे मराठी बडबडगीतांचं पुस्तक तिथे जसंच्या तसं नेऊन काही उपयोग नाही. ताईला स्वतःला ती भाषा येत नसेल तर मदतनीस ताईला येत असते बऱ्याचदा, मग तिलाही ट्रेनिंगला बोलवा. मदतनिसांना वगळू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे, गावातल्या घरांशी त्यांचं नातं अनेकदा जास्त घट्ट असतं.

आणि तिसरं म्हणजे आधीच ठरलेल्या भेटींचं कॅलेंडर समोर ठेवा. आशाताई नवजात बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जाते, घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. त्यानंतर २०१८ पासूनच्या कार्यक्रमात तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात भेटी आहेत. म्हणजे बघा, मूल खरं बोलायला लागतं दीड-दोन वर्षांत, आणि नेमक्या त्याच वेळी आशाताईच्या या भेटी संपतात. पंधरा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची ही मोकळी जागा सेविकेने भरायची आहे, हे ट्रेनिंगमध्ये स्पष्ट बोला आणि दोघींना एकत्र बसवून कुठलं घर कुणाकडे ते ठरवून टाका, नाहीतर एकीला वाटतं दुसरी जातेय.

नवीन रजिस्टर काढू नका. पोषण ट्रॅकर अ‍ॅप आहे, लसीकरण आहे, सर्व्हे आहेत, त्यात अजून एक वही आली की हे काम पहिल्या महिन्यातच मरतं. माता बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे चित्रांसकट छापलेले आहेत आणि ते कार्ड प्रत्येक घरात असतं, तेच वापरा.

दुसरी पायरी: पहिला शब्द यायच्या आधी काय काय घडतं

बॅच २०-२५ जणींची ठेवा, त्याहून मोठी झाली की सराव होत नाही, भाषण होतं. पहिल्या सत्रात एकच प्रश्न विचारा, "बाळ कधीपासून बोलायला लागतं?" बहुतेक जणी म्हणतील एक वर्षाने. मग उलट मागे मागे जा. बाळ पोटात असतानाच, साधारण सहा महिने झाल्यावर, बाहेरचा आवाज त्याच्या कानावर पडायला लागतो, आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं. दोन-तीन महिन्यांत हुंकार देतं, सहा-नऊ महिन्यांत बा-बा-बा, दा-दा-दा असं चालू होतं, नऊ-दहा महिन्यांत नावाने हाक मारली की वळून बघतं. वर्षाच्या आसपास बोटाने दाखवायला लागतं आणि एखादा अर्थाचा शब्द येतो. दीड वर्षात आठ-दहा शब्द, दोन वर्षांत साधारण पन्नासच्या आसपास आणि मुख्य म्हणजे दोन शब्द जोडणं, "आई ये", "दूदू दे". तीन वर्षांचं मूल छोटी वाक्यं बोलतं आणि बाहेरच्या माणसालाही त्याचं बरंचसं कळतं.

यातल्या बोट दाखवण्यावर थांबा, घाई करू नका. मूल बोट दाखवतं तेव्हा ते "मला जे दिसतंय ते तू पण बघ" असं सांगत असतं, आणि त्या क्षणी मोठ्या माणसाने त्या वस्तूचं नाव घेतलं तर ते नाव पक्कं बसतं, कारण मुलाचं लक्ष आधीच तिथे आहे. हे एकदा ताईच्या डोक्यात बसलं की ती प्रत्येक घरात बोट शोधायला लागते, आणि आईलाही दाखवून देऊ शकते. माझ्या मते पूर्ण ट्रेनिंगमधून एवढी एकच गोष्ट ताई घेऊन गेली तरी पैसे वसूल.

"समजणं" आणि "बोलणं" वेगळं आहे हेही इथेच सांगून टाका. मूल बोलत नसेल पण "बॉल आण" म्हटल्यावर आणतं, तर ती एक गोष्ट, आणि सांगितलेलं कळतच नसेल तर ती वेगळी आणि जास्त काळजीची.

तिसरी पायरी: बघा, थांबा, उत्तर द्या, एक शब्द वाढवा

ट्रेनिंगचा गाभा हाच, दोन दिवसांतला निम्मा वेळ इथे द्या. चारच गोष्टी आहेत. बाळ कशाकडे बघतंय ते बघा. त्याला वेळ द्या, मनात पाच आकडे मोजा. त्याने आवाज काढला, हात हलवला, बघितलं, काहीही केलं तरी त्याला उत्तर द्या. आणि त्याने जे म्हटलं त्यात एक शब्द घालून परत म्हणा. मूल म्हणालं "भू", आई म्हणते "हो, भूभू! भूभू पळाला." मूल म्हणालं "पानी", तर "पाणी हवं? गार पाणी." मुलाचा शब्द चुकला म्हणून "असं नाही, असं म्हण" करत बसायचं नाही, बरोबर शब्द आपल्या बोलण्यातून त्याच्या कानावर पडला की पुरे.

यातलं सगळ्यात अवघड थांबणं आहे. आपण मोठी माणसं बाळाला विचारतो "हे काय आहे?" आणि एका सेकंदात आपणच उत्तर देतो, किंवा मग प्रश्नांचा मारा करतो, काऊ कुठंय, चिऊ कुठंय, नाक कुठंय, बोल ना, बोल. म्हणून सराव जोड्यांमध्ये घ्या. एक ताई आई होईल, दुसरी दहा महिन्यांचं बाळ, आणि बाळ झालेल्या ताईला शब्द वापरायची परवानगी नाही, फक्त आवाज, नजर आणि हात. तीन मिनिटं. मग अदलाबदल. नंतर बाळ झालेल्या ताईला विचारा, तुला काय वाटलं. त्या हमखास सांगतात की "मी डब्याकडे बघत होते आणि ही मला बाहुलीच दाखवत होती". हे त्यांनी स्वतः अनुभवलं की पुढे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी खरी बाळं हवीत. जवळच्या अंगणवाडीतल्या आयांना आधी सांगून, त्यांची परवानगी घेऊन, चार-पाच आयांना बाळांसकट बोलवा, सकाळी बाळांची झोप आणि खाणं झाल्यावर. ताईंनी छोट्या गटात बसून आईबरोबर सराव करायचा आणि ट्रेनरने मागे राहायचं. बाहुलीवर केलेला सराव आणि रडणाऱ्या, मांडीवरून उतरू न देणाऱ्या बाळाबरोबर केलेला सराव यात फार फरक आहे.

चौथी पायरी: साधनं, आणि त्यांच्यावर जास्त वेळ घालवू नका

घरात आहे तेच पुरतं. वाटी-चमचा, एकात एक बसणारे डबे, चिंध्यांची बाहुली, जुन्या साडीचा चेंडू, रिकाम्या बाटलीत थोडे तांदूळ घालून केलेला खुळखुळा, त्याचं झाकण मात्र चिकटपट्टीने पक्कं बंद. बाळाच्या तोंडात मावेल असं काही नको, मणी, बटणं, चिंचोके, बाटलीची सुटी झाकणं, काहीच नाही. जमैकातल्या बायका एक करायच्या ते आपणही करू शकतो, खेळणं घरात ठेवून यायचं आणि पुढच्या भेटीत ते परत घेऊन दुसरं द्यायचं, म्हणजे मधले दिवस घरात खेळणं असतं आणि पुढच्या भेटीला बोलायला विषयही मिळतो.

गाणी-खेळ ताईंकडूनच काढून घ्या. तळहातावर मोर बसवून भुर्रकन उडवायचा खेळ, आपडी-थापडी, चांदोमामा दाखवत भरवणं, जात्यावरच्या ओव्या ज्या अजून काही आज्यांना येतात, हे सगळं भाषेचंच काम आहे. त्यात तेच ते परत येतं, हात-अंग हलतं, आणि शेवटी काय होणार हे बाळाला माहीत असतं म्हणून ते वाट बघतं. त्या वाट बघण्याच्या जागीच थांबायला शिकवा, भुर्र म्हणायच्या आधी थांबा, बाळ स्वतः आवाज काढेल. कोरकू, वारली, पावरी गाणीही तितकीच घ्या, तिथल्या आज्यांनाच एका सत्राला बोलवा, त्या शिकवतील.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये शून्य ते तीन वयासाठी नवचेतना नावाची चौकट आणलीय, तिच्यात वयाप्रमाणे कृती दिल्यात, त्यातल्या घ्या. पण एका भेटीला एकच कृती. तीन-चार सांगितल्या की आई एकही करत नाही.

पाचवी पायरी: गृहभेट, आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत

गृहभेटीचा क्रम ताईंना पाठ नको, सवयीचा व्हायला हवा. आधी घरच्यांची विचारपूस. मग मागच्या वेळी काय ठरलं होतं ते विचारायचं, पण "केलं का?" असं नाही, "बाळ काय काय करतंय आता?" असं. मग जे चाललंय ते बघायचं. मग घरच्यांनी केलेली एखादी चांगली गोष्ट नाव घेऊन सांगायची. मग एक नवीन कृती, ताईने एकदा करून दाखवायची आणि बाळ लगेच आईच्या हातात. शेवटी हे दिवसात कधी जमेल ते आईलाच विचारायचं, आंघोळ घालताना, भरवताना, झोपवताना. "रोज पंधरा मिनिटं वेगळी काढा" असं शेतावर जाणाऱ्या बाईला सांगणं मला पटत नाही, तिच्याकडे वेगळा वेळ नाहीच, पण बाळाला आंघोळ ती घालणारच आहे, तेव्हा पाय चोळताना "हा पाय, हा दुसरा पाय, आता पाठ" म्हणायला वेगळा वेळ लागत नाही.

ट्रेनिंगमध्ये हा प्रसंग करून दाखवा. घरात आजी मेथी निवडतेय, आई विहिरीवर गेलीय, चौदा महिन्यांचा नातू जवळ बसून काड्या ओढतोय. त्याने एक काडी उचलून आजीपुढे धरली आणि "ए" केलं. आजी म्हणाली, "टाक ते, पसारा करू नको." इथे नवीन ताई लगेच म्हणते, "आजी, असं बोलू नये मुलांना", आणि आजी मनातून बंद होते. शिकलेली ताई म्हणते, "आजी, बघा तरी, तुम्हालाच दाखवतोय तो." आजी वर बघते, म्हणते, "काय रे, मेथी देतोस मला? दे. हिरवी हिरवी मेथी." तो दुसरी काडी उचलून देतो. मग ताई म्हणते, "बघितलंत आजी? तुम्ही बोललात म्हणून त्याने अजून एक आणली." एवढंच. काही शिकवलं नाही, तक्ता काढला नाही, पण आजीला स्वतःच्या बोलण्याची ताकद दिसली, आणि संध्याकाळी ती सुनेला हे सांगणार.

हे "बघितलंत?" म्हणणं ताईंच्या तोंडात बसेपर्यंत सराव घ्या. नुसतं "छान, छान" म्हणून कळत नाही काय छान होतं ते. तुम्ही थांबलात म्हणून त्याने आवाज काढला, तुम्ही त्याच्याकडे बघितलंत म्हणून तो हसला, असं कारण जोडून सांगायचं.

सहावी पायरी: अवघड घरं

मोबाइल. मूल जेवत नाही म्हणून मोबाइल, रडतं म्हणून मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं मार्गदर्शन आहे की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराच्या वर नको. हे आईला ठणकावून सांगितलं तर ती ताईसमोर मोबाइल लपवते आणि बाकी काही बदलत नाही. त्यापेक्षा एक जेवण निवडायला सांगा, सकाळचं किंवा रात्रीचं, ज्यात मोबाइल नाही आणि भरवणारा माणूस बोलतो, घास कशाचा आहे, कुणाचा आहे, अंगणात कोण आलंय. मूल दोन दिवस रडेल हे आधीच सांगून ठेवा म्हणजे घरचे घाबरत नाहीत. बाप बाहेरगावी असेल तर त्याच्याशी व्हिडिओ कॉल मात्र चालू द्या, तिथे समोर माणूस आहे आणि तो उत्तर देतोय.

ऊसतोडीला जाणारी कुटुंबं. बीडकडून ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोळ्या निघतात ते थेट मार्च-एप्रिललाच परत, आणि बाळ तिकडे कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, बऱ्याचदा सहा-सात वर्षांच्या बहिणीकडे असतं. निघायच्या आधीची भेट चुकवू नका, आणि त्या भेटीत त्या बहिणीला पण बसवा, तिला दोन खेळ शिकवा. तिची शाळा बुडते हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे आणि तो ताईने शाळेत कळवायलाच हवा, पण बाळाशी दिवसभर बोलणार ती आहे हेही खरं.

घरची भाषा वेगळी असणं. "शाळेत मराठी लागणार, म्हणून आत्तापासून मराठीच बोला" हा सल्ला ताई, शिक्षक, कधीकधी डॉक्टरसुद्धा देतात आणि तो चुकीचा आहे. आईला जी भाषा सहज येते, जिच्यात ती हसते, रागावते, गोष्ट सांगते, त्याच भाषेत बोलू द्या. पहिली भाषा घट्ट झाली की दुसरी तिच्यावर चढते. दोन भाषा ऐकल्याने मूल मुकं राहत नाही, हे ताईंना निःशंकपणे सांगा. पुण्या-मुंबईत इंग्लिश मीडियमच्या नादाने घरात मोडकं इंग्लिश बोलणाऱ्या आई-बाबांनाही हेच लागू आहे.

आई गप्प असणं. बाळंतपणानंतर आई सतत रडते, बाळाकडे बघत नाही, झोप-भूक गेलीय, तर तिला "बाळाशी बोला" सांगून भागणार नाही. तिला स्वतःला आधाराची आणि डॉक्टरांची गरज आहे. ताईने पीएचसीत कळवावं आणि तोवर घरातल्या दुसऱ्या माणसाने बाळाशी बोलणं सुरू ठेवावं.

सातवी पायरी: कधी थांबायचं नाही आणि पुढे पाठवायचं

"त्याचा बाप पण उशिराच बोलला होता", "मुलगे उशिरा बोलतात", "जीभ जड आहे", हे प्रत्येक गावात ऐकायला मिळतं आणि यातच दोन-दोन वर्षं जातात. ताईंना काही खुणा पक्क्या करून द्या. मोठ्या आवाजाला बाळ दचकत नाही. नऊ-दहा महिन्यांनंतरही नावाने हाक मारली तर वळत नाही. वर्षाचं झालं तरी बडबड नाही, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही. दीड वर्षात एकही शब्द नाही. दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही. आणि कुठल्याही वयात, आधी बोलायचं ते बोलणं बंद झालं, ही तर लगेच पाठवायची केस.

पहिली शंका कानाची घ्यायची. पेटीत ठेवलेलं बाळ, खूप कावीळ झालेलं, कमी वजनाचं, मेंदूज्वर होऊन गेलेलं, घरात कुणी लहानपणापासून बहिरं असलेलं, नाहीतर सारखा कान वाहतोय, अशा बाळांची यादी ताईकडे हवी. आईच्या मांडीवर बाळ बसवून मागून, त्याला दिसणार नाही असं, वाटी-चमचा वाजवून बघता येतं, पण ती नुसती ढोबळ कल्पना आहे, बाळ वळलं म्हणजे ऐकू येतंय असं प्रमाणपत्र देऊ नये. थोडं कमी ऐकू येणाऱ्या बाळालाही वाटीचा आवाज कळतो आणि बोलणं मात्र अर्धवटच कळतं. शंका असली की तपासणीच. महिन्याच्या आत कानाची पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, हे जगभर मानलेलं वेळापत्रक आहे, त्यामुळे "अजून लहान आहे, बघू" हे कानाच्या बाबतीत चालत नाही. कानात तेल घालू नका हेही प्रत्येक घरात सांगायचं. आणि बोलणं स्पष्ट यावं म्हणून वेखंड आणि मध चाटवतात, तिथे आजीचा मान ठेवून एवढं जरूर सांगा की वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये.

पाठवायचं कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, त्याची मुलांची आरोग्य तपासणी करणारी टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. टीमच्या तारखेला त्या घराला आधी निरोप हवा, बाळ तीन वर्षांखालचं असलं तरी. पुढची तपासणी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते, बहुतेक ठिकाणी ते जिल्हा रुग्णालयातच असतं. मुंबईकडच्यांसाठी वांद्र्याची, ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. टीम यायला महिने असतील तर वाट बघू नका, थेट पीएचसीतून चिठ्ठी घ्या. ताईने "हे ऑटिझम आहे" किंवा "बहिरा आहे" असं स्वतःहून कधीच म्हणायचं नाही, "एकदा दाखवून घेऊ, मी येते बरोबर" म्हणायचं. ते "मी येते बरोबर" फार महत्त्वाचं आहे, बरीच कुटुंबं चिठ्ठी घेतात आणि जात नाहीत, कारण जिल्ह्याच्या दवाखान्यात कुठल्या खिडकीवर उभं राहायचं हेच माहीत नसतं. आणि तपासणी होईपर्यंत घरातलं बोलणं-खेळणं थांबवायचं नाही.

आठवी पायरी: ट्रेनिंग संपल्यावर खरं ट्रेनिंग

दोन दिवसांचं ट्रेनिंग हे बी पेरण्याइतकंच असतं, पाणी घातलं नाही तर काही उगवत नाही. बीटच्या मासिक मीटिंगमध्ये आहार आणि वजनाच्या आकड्यांच्या आधी, हो आधीच, नंतर ठेवलं की वेळ संपते, पाऊण तास यासाठी राखून ठेवा. दर महिन्याला एक ताई एका घराची गोष्ट सांगेल, बाकीच्या विचारतील, आणि पुढच्या महिन्यासाठी एक नवीन कृती जोड्यांमध्ये करून बघायची. लेक्चर नाही.

मुख्यसेविकेने प्रत्येक ताईबरोबर निदान दोन-तीन महिन्यांतून एकदा गृहभेटीला जायला हवं, आणि तिथे बघायचं ते इतकंच: बाळ कुणाच्या हातात होतं, ताईच्या की आईच्या? भेटीत जास्त कोण बोललं? ताई थांबली का? घरच्यांना त्यांची एखादी चांगली गोष्ट नेमकी सांगितली का? बाहेर आल्यावर रस्त्याने चालताना ताईला आधी विचारा की तुला काय चांगलं जमलं असं वाटतं, मग तुम्हाला दिसलेलं एक चांगलं सांगा, आणि बदलायची गोष्ट एकच सांगा. ज्या ताईला तिची मुख्यसेविका चार लोकांत झापते ती ताई घरात जाऊन आईशी वेगळं वागेल अशी अपेक्षा ठेवणं अवघड आहे.

मोबाइलवर व्हिडिओ काढून शिकणं चांगलं जमतं, आईची परवानगी घेऊन, दोन मिनिटांचा, ताई आणि मुख्यसेविकेने बघून डिलीट करायचा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर बाळांचे व्हिडिओ टाकायचे नाहीत, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा आणि पाळा.

काम चालतंय की नाही हे बघायला परीक्षा घेऊ नका, घरात जाऊन आईला विचारा, "गेल्या आठवड्यात बाळाने नवीन काय केलं?" सुरुवातीला उत्तर येतं "काही नाही, बघितलं नाही". तीन-चार महिन्यांनी त्याच घरात आई न विचारता सांगायला लागली की बाळ कावळ्याकडे बोट दाखवतं, आजोबांच्या काठीला काहीतरी नाव ठेवलंय, तर समजा ताईचं बरोबर चाललंय.

पुढची बॅच घ्याल तेव्हा बाहेरून ट्रेनर आणायच्या आधी पहिल्या बॅचमधल्या दोन-तीन चांगल्या ताई निवडा, त्यांना त्या दिवसांचा भत्ता द्या, फुकट राबवू नका, आणि नव्या ताईची पहिली गृहभेट एकटीने होऊ देऊ नका. जोडीने पाठवा. पहिल्या घरी जुनी ताई बोलेल आणि नवी बघेल, दुसऱ्या घरी नवी बोलेल आणि जुनी गप्प बसेल.